एकेचाळीस रुपयांचा हिशेब

२३ जुलै २०२१ रोजी घरपोच जेवण पोचवणाऱ्या झोमॅटोच्या शेअरची राष्ट्रीय शेअर बाजारात ११६ रुपयांवर नोंदणी झाली आणि त्यानंतर अर्ध्या तासातच बंगळुरूहून माझ्या भाच्याचा फोन आला. कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीत (आयपीओत) त्याला एक लॉट लागला होता, म्हणजे ७६ रुपये दराने १९५ शेअर, एकूण १४,८२० रुपयांचे. पहिल्याच सकाळी त्यांचे साडेबावीस हजारांच्या वर झाले होते आणि त्याला एवढेच हवे होते की मावशीने "ठेव" किंवा "वीक" यांपैकी एक शब्द सांगावा. मी चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षे कॉस्ट अकाउंटंट म्हणून काम केले आहे. एखाद्या वस्तूला किती खर्च आला आणि ती विकून हातात किती उरले, हे पाहिल्याशिवाय तिच्या किमतीबद्दल बोलायची मला सवय नाही. त्यामुळे मी त्याला एक शब्द सांगितला नाही; रविवारी सविस्तर बोलू, असे सांगितले. त्या रविवारी सुरू झालेला वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. तो नोंदवून ठेवावा असे फार दिवस मनात होते, कारण वेगाने वाढणाऱ्या, पण अजून नफ्यात न आलेल्या इंटरनेट कंपनीची किंमत कशी करायची याबद्दल मला जे काही समजले, ते या एका शेअरवर भांडतानाच समजले.

आधी त्या वेळी आमच्यासमोर काय होते ते सांगते. २०१९-२० या आर्थिक वर्षात कंपनीचे कामकाजातून आलेले उत्पन्न सुमारे २,६०५ कोटी रुपये होते आणि तोटा सुमारे २,३८६ कोटी. पुढच्या वर्षी, करोनाच्या काळात, उत्पन्न १,९९४ कोटींवर आले आणि तोटाही ८१६ कोटींपर्यंत खाली आला. ७६ रुपये दराने कंपनीचे बाजारमूल्य (शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या) ६० हजार कोटींच्या जवळ जात होते, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ तीस पट. पहिल्या दिवशी बाजार बंद होताना भाव १२६ च्या आसपास होता आणि बाजारमूल्य एक लाख कोटींना टेकले होते. माझ्या पिढीतल्या अनेकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल देऊन टाकला की हा शुद्ध जुगार आहे. मला तो निकाल घाईचा वाटला. नफाच नसेल तर किंमत-नफा गुणोत्तर काढता येत नाही हे खरे, पण त्याचा अर्थ एवढाच की ते साधन इथे चालत नाही. किंमत काढताच येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

भाच्याची मांडणी वेगळी होती आणि ती मी शांतपणे ऐकून घेतली. त्याचे म्हणणे असे, की अशा कंपनीचा आजचा तोटा हा कारखान्याच्या यंत्रसामग्रीवरच्या खर्चासारखा मानला पाहिजे. कारखाना यंत्र विकत घेतो तेव्हा तो खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो आणि वर्षानुवर्षे घसाऱ्याच्या रूपाने थोडा थोडा नफ्यातून वजा होतो. झोमॅटो मात्र ग्राहक मिळवण्यासाठी सवलती देते, जाहिराती करते, नव्या शहरात मुले नेमते, आणि हा सगळा खर्च हिशेबाच्या नियमांप्रमाणे त्याच वर्षी नफातोटा पत्रकात येतो. त्यामुळे जी कंपनी सर्वांत जोमाने पेरणी करते, तीच कागदावर सर्वांत वाईट दिसते. हा मुद्दा मला पूर्णपणे मान्य होता आणि आजही आहे. फक्त मी त्याला विचारले की पेरणीचा खर्च आणि दरवर्षी करावाच लागणारा खर्च यांतली रेघ तू कुठे ओढणार? ग्राहक सवलत बंद होताच दुसऱ्या ॲपवर जात असेल, तर त्या सवलतीला यंत्र म्हणता येणार नाही. ते इंधन झाले.

या प्रश्नाचे उत्तर कंपनीने आयपीओसाठी प्रसिद्ध केलेल्या प्रस्तावपत्रातच काही प्रमाणात होते, आणि तो भाग मी त्या रविवारी पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचला. २०१९-२० मध्ये प्रत्येक ऑर्डरमागे, डिलिव्हरी, सवलत आणि इतर बदलते खर्च वजा जाता, कंपनीला सुमारे साडेतीस रुपयांचा तोटा होत होता. २०२०-२१ मध्ये तिथेच सुमारे साडेवीस रुपये उरू लागले. एका वर्षात एका ऑर्डरमागे एक्कावन्न रुपयांचा फरक पडला होता. याचे एक कारण साधे होते: लोक घरी होते, एकट्यासाठी मागवण्याऐवजी सगळ्या कुटुंबासाठी मागवत होते, आणि सरासरी ऑर्डर २८० रुपयांच्या आतून ४०० च्या जवळ गेली होती. डिलिव्हरी करणारा मुलगा २८० ची पिशवी नेवो की ४०० ची, पेट्रोल तेवढेच लागते. दुसरे कारण असे, की जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने उबर ईट्सचा भारतातला धंदा सुमारे दहा टक्के शेअरच्या बदल्यात घेतला होता, बाजारात दोनच मोठे खेळाडू उरले होते, आणि सवलतींची स्पर्धा त्यामुळे निवळली होती.

कॉस्टिंगमध्ये आम्ही याला अंशदान म्हणतो. अंशदान धन झाले म्हणजे कंपनी नफ्यात आली असे नव्हे, कारण त्यातून अजून पगार, तंत्रज्ञान आणि जाहिराती भागवायच्या असतात. पण अंशदान ऋण असेल तर धंदा जितका वाढेल तितका खड्डा खोल होत जातो, आणि धन असेल तर वाढीतून खड्डा भरून निघण्याची शक्यता तरी असते. वाढत्या कंपनीचा तोटा पाहताना मी सर्वांत आधी हीच एक ओळ शोधते. ती ओळ कंपनी प्रसिद्ध करत नसेल, तर माझ्या दृष्टीने तिथेच चर्चा संपते.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमध्ये मूल्यांकन शिकवणारे प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांचा आकडा सगळीकडे फिरू लागला: एका शेअरची किंमत सुमारे ४१ रुपये. वृत्तवाहिन्यांनी तो अंक तेवढा उचलला. आमच्याकडेही पहिल्या दिवशी तसेच झाले. भाचा म्हणाला की ४१ म्हणणाऱ्याला भारतातला मध्यमवर्ग कळलेला नाही, आणि मी म्हणाले की ११६ देणाऱ्याला गुणाकार येत नाही. दोन दिवसांनी दोघांनीही मूळ मांडणी वाचली आणि दोघांचीही वाक्ये मागे घ्यावी लागली. दामोदरन यांनी कंपनीला कंजूषपणे मुळीच तोलले नव्हते. बाजारपेठ कित्येक पट वाढेल, त्यातला सुमारे ४० टक्के वाटा झोमॅटोकडे राहील, ऑर्डरच्या रकमेतले २२ टक्के कंपनीच्या हातात येतील आणि धंदा स्थिरावला की उत्पन्नावर ३५ टक्के नफा उरेल, असे त्यांनी धरले होते. पस्तीस टक्के! आमच्या कारखान्यात बारा टक्के उरले तर त्या वर्षी पेढे वाटले जात. इतके सगळे देऊनही उत्तर ४१ आले होते.

तेव्हा मी हिशेब उलटा मांडायचे ठरवले. किंमत काय असावी हे विचारण्याऐवजी, १२६ रुपये ही किंमत योग्य ठरायची असेल तर काय काय खरे व्हावे लागेल, हे विचारायचे. भाच्याला ही पद्धत पसंत पडली, कारण तीत मावशीचे मत कुठेच येत नव्हते.

एक लाख कोटी रुपये आज गुंतवले आहेत असे समजू. तोट्यातल्या तरुण कंपनीवर पैसे लावणाऱ्याने वर्षाला निदान १२ टक्के तरी अपेक्षिले पाहिजेत, नाहीतर जोखीम कशासाठी घ्यायची? १२ टक्क्यांनी दहा वर्षांत रक्कम ३.१ पट होते, म्हणजे २०३१ मध्ये कंपनीचे मूल्य ३ लाख १० हजार कोटी असायला हवे. तोपर्यंत कंपनी प्रौढ झालेली असेल आणि बाजार तिला वार्षिक नफ्याच्या तीस पट देत असेल असे धरू. हे उदारच आहे, पण असो. मग करानंतरचा नफा १०,३०० कोटींच्या आसपास हवा आणि करापूर्वीचा १३,८०० कोटी. सगळे खर्च जाऊन एका ऑर्डरमागे ४० रुपये उरतात असे धरले, तर वर्षाला ३४५ कोटी ऑर्डर लागतात. म्हणजे दिवसाला जवळजवळ ९५ लाख.

करोनापूर्वी, २०१९-२० मध्ये, झोमॅटोवर वर्षभरात सुमारे ४० कोटी ऑर्डर आल्या होत्या. म्हणजे दिवसाला अकरा लाख.

हे दोन आकडे, अकरा लाख आणि ९५ लाख, मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले आणि त्याचा फोटो त्याला पाठवला. आमचा वाद तिथे पहिल्यांदा नीट जागेवर आला. त्याआधी आम्ही "महाग" आणि "स्वस्त" हे शब्द एकमेकांवर फेकत होतो. आता प्रश्न असा झाला की दिवसाला ९५ लाख घरांत झोमॅटोची पिशवी जाईल का, आणि त्या प्रत्येक पिशवीमागे खरोखर ४० रुपये उरतील का. भाच्याने ४० ऐवजी ६० धरून पाहिले, तेव्हा ऑर्डर ६३ लाखांवर आल्या. मी त्याला विचारले की ४०० रुपयांच्या जेवणातून ६० रुपये निव्वळ नफा ॲप नेत असेल, तर ते जेवण बनवणाऱ्या खानावळीला किती उरेल? त्याच महिन्यात राष्ट्रीय रेस्टॉरंट संघटनेने कमिशनच्या विरोधात स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आयोगाने चौकशीचा आदेशही दिला. गाय दुभती असली तरी वासरासाठी दूध ठेवावे लागते.

याशिवाय एक गोष्ट होती, जिच्याकडे या वादात फार थोडे लोक लक्ष देतात, आणि मला ती सर्वांत जवळची वाटते: शेअरची संख्या. अशी कंपनी कर्मचाऱ्यांना मोबदल्याचा मोठा भाग शेअरच्या रूपात देते, दुसऱ्या कंपन्या शेअर देऊन विकत घेते आणि गरज पडली की नवे शेअर विकून पैसे उभारते. प्रत्येक वेळी तुमच्या हातातला तुकडा तेवढाच राहतो, पण पोळी जास्त लोकांत वाटली जाते. दरवर्षी नुसते दोन टक्के शेअर वाढले तरी दहा वर्षांत संख्या बावीस टक्क्यांनी वाढते, आणि वरच्या हिशेबातल्या ९५ लाख ऑर्डर १ कोटी १५ लाख होतात. तरीही कंपन्या आपला "समायोजित" नफा दाखवताना कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च बाजूला ठेवतात, कारण त्यात रोकड बाहेर जात नाही. मला हे मुळीच पटत नाही. जो मोबदला दिल्याशिवाय माणूस कामावर राहणार नाही, तो खर्चच आहे. रोख दिला काय आणि मालकीतून दिला काय. झोमॅटोच्या नोंदणीच्या वेळी सुमारे ७८५ कोटी शेअर होते; २०२४ च्या अखेरीस ते साडेनऊशे कोटींच्या वर गेले होते.

भाच्याने शेअर ठेवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव १६९ पर्यंत गेला, तेव्हा त्याने मला एकदाही चिडवले नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

मग २०२२ उजाडले. जगभर व्याजदर चढू लागले आणि दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत एकदम कमी झाली. ज्या कंपनीचा जवळजवळ सगळा नफा दूरच्या भविष्यात आहे, तिच्यावर वटावाच्या दराचा, म्हणजे उद्याच्या पैशाची आजची किंमत काढताना धरलेल्या व्याजदराचा, घाव सर्वांत खोल बसतो; आजच नफ्यात असलेल्या सिमेंट कंपनीला त्याची तितकी झळ पोचत नाही. त्यात जून महिन्यात झोमॅटोने ब्लिंकिट घेत असल्याचे जाहीर केले. ब्लिंकिट म्हणजे पूर्वीची ग्रोफर्स, घरपोच किराणा देणारी. किंमत ४,४४७ कोटी रुपये, तीही रोख नव्हे, ७०.७६ रुपये दराने सुमारे ६३ कोटी नवे शेअर. बाजाराला हे मुळीच आवडले नाही. स्वतःचा धंदा नफ्यात आलेला नसताना दुसरा तोट्यातला धंदा कशाला, असे तेव्हा जवळजवळ सर्वांनीच विचारले आणि मीही विचारले. २३ जुलैला नोंदणीला वर्ष पूर्ण झाले. कंपनीला प्रवर्तक, म्हणजे तिच्यावर ताबा असलेला नोंदलेला मूळ मालक, नसल्यामुळे आयपीओपूर्वीच्या सर्वच भागधारकांच्या शेअरवर एक वर्षाची बंदी होती, ती त्या दिवशी उठली आणि सुमारे ६१३ कोटी शेअर एकदम विक्रीस मोकळे झाले. त्यानंतरच्या दोन दिवसांत भाव कोसळला आणि तिसऱ्या दिवशी ४१ च्याही खाली जाऊन आला.

एकेचाळीस. बरोबर प्राध्यापकांचा आकडा. भाच्याचा संध्याकाळी फोन आला आणि त्याचा आवाज उतरलेला होता. "मावशी, तू बरोबर होतीस." मी त्याला तेव्हाच सांगितले की हे वाक्य बोलू नकोस, कारण बाजाराचा भाव एखाद्या आकड्याला येऊन शिवला म्हणून तो आकडा सिद्ध होत नाही, तसे मानले तर १६९ च्या दिवशी मी चूक होते असे म्हणावे लागेल. आम्ही पुन्हा कागद काढला. मार्च २०२२ अखेर कंपनीकडे सुमारे १२ हजार कोटींची रोकड आणि गुंतवणूक होती, म्हणजे शेअरमागे पंधरा रुपयांहून थोडे जास्त. ४१ रुपयांना शेअर घेणारा माणूस प्रत्यक्ष धंद्याला पंचवीस-सव्वीस रुपयेच देत होता. उलटा हिशेब पुन्हा केला, तर एका ऑर्डरमागे ४० रुपये धरून, ती रोकड हिशेबात न घेताही, दिवसाला तीस लाख ऑर्डर पुरत होत्या. ९५ लाखांवर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते. तीस लाखांवर होते. दामोदरन यांनीही त्या सुमारास आपले मूल्य नव्याने काढून सुमारे ३५ रुपये सांगितले होते. मी त्याला एवढेच म्हटले की आता विकायचे कारण मला दिसत नाही. मी स्वतः मात्र घेतले नाहीत, आणि त्याचे कारण ब्लिंकिट हेच होते.

इथे माझ्या मांडणीतली खरी चूक येते. ती आकड्यांत नव्हती. माझ्या कागदावर एक ओळच नव्हती.

ती ओळ मला दिसली ती आमच्या कोथरूडमध्ये, २०२३ च्या दसऱ्याच्या सकाळी. आमच्या घरामागच्या रस्त्यावर पूर्वी फर्निचरचे दुकान होते, तिथे काही महिन्यांपासून खिडक्या झाकलेले, पाटी नसलेले एक गोदाम चालू होते. झेंडूची फुले संपली म्हणून मी बाहेर पडले होते आणि त्या दारासमोर थांबले. आत लोखंडी मांडण्यांच्या अरुंद रांगा होत्या. हातात फोन घेतलेली एक मुलगी एका रांगेतून धण्याची पुडी, दुसऱ्या रांगेतून कापराची डबी, शीतपेटीतून श्रीखंड आणि दाराजवळच्या क्रेटमधून झेंडूची पिशवी उचलत येत होती; प्रत्येक वस्तूवर फोन धरून ती कागदी पिशवीत टाकत होती, आणि पिशवीचे तोंड दुमडून खिडकीतून बाहेर देत होती. सगळ्याला मिळून दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. बाहेर दहा-बारा मुले दुचाकी चालू ठेवून उभी होती. मी तिथे वीस मिनिटे उभी राहिले, फुले विसरून, आणि माझ्या डोक्यात आपोआप कारखान्याचा हिशेब सुरू झाला. या जागेचे भाडे, आतल्या मुलांचे पगार, शीतपेट्यांची वीज, हे दिवसाला पाचशे पिशव्या गेल्या तरी तेवढेच आणि पंधराशे गेल्या तरी जवळजवळ तेवढेच. पाचशेला जो स्थिर खर्च पिशवीमागे साठ रुपये पडत असेल, तो पंधराशेला वीस पडेल. जेवण पोचवण्याच्या धंद्यात हा फायदा फारसा मिळत नाही, कारण स्वयंपाकघर दुसऱ्याचे असते आणि कंपनीचा मुख्य खर्च दर फेरीमागे होतो. इथे स्वयंपाकघर म्हणजे हे गोदामच होते, आणि ते भरत चालले होते.

मी तिथूनच भाच्याला फोन केला. वर्षभरापूर्वी मी ब्लिंकिटकडे दिलेल्या किमतीच्या बाजूने पाहिले होते. गोदामाच्या दारातून पाहिले नव्हते.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत झोमॅटोने पहिल्यांदा नफा दाखवला, दोन कोटी रुपये. २०२३-२४ या पूर्ण वर्षाचा नफा ३५१ कोटी झाला, पण त्याच वर्षी "इतर उत्पन्न", म्हणजे मुख्यतः साठवलेल्या रोकडीवरचे व्याज, ८४७ कोटी होते, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. म्हणजे धंदा अजून स्वतःच्या पायावर पूर्ण उभा नव्हता. मार्च २०२४ मध्ये ब्लिंकिटचा समायोजित तोटा मिटला. त्या एप्रिलमध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने आपल्या हिशेबात ब्लिंकिटची किंमत जेवणाच्या धंद्यापेक्षा जास्त धरली. डिसेंबर २०२४ मध्ये शेअरने ३०० ओलांडले आणि कंपनी सेन्सेक्समध्ये जाऊन बसली. ब्लिंकिटसाठी दिलेले ६३ कोटी शेअर, ज्यांची किंमत जुलै २०२२ मधल्या नीचांकाला अडीच हजार कोटी झाली होती, ते त्या भावाने जवळजवळ एकोणीस हजार कोटींचे झाले होते.

आता यावरून काय ठरते? भाच्याच्या मते माझी सगळी पद्धतच हरली. माझ्या मते त्याने १२६ ला शेअर ठेवण्याची जी कारणे दिली होती, त्यांतले मुख्य कारण आजही सिद्ध झालेले नाही. २०२३-२४ मध्ये झोमॅटोच्या जेवणाच्या ऑर्डर वर्षाला सुमारे ७५ कोटी होत्या, म्हणजे दिवसाला वीस लाखांच्या थोड्या वर. अकरापासून वीस लाखांपर्यंत यायला चार वर्षे लागली, म्हणजे वर्षाला सतरा टक्के वाढ. याच गतीने २०३१ मध्ये साठ-एकसष्ट लाखांपर्यंत पोचता येते, ९५ लाखांपर्यंत नाही. त्याने जेवणावर पैसे लावले होते आणि त्याला उत्तर किराण्याने दिले. भाव बरोबर निघाला, कारण वेगळे निघाले. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्याने एक गोष्ट ओळखली होती जी मी ओळखली नव्हती: दारोदार जाणारी मुले, त्यांना रस्ता दाखवणारी यंत्रणा आणि कोट्यवधी लोकांच्या फोनमधली जागा, हे सारे कंपनीकडे असले की तीतून आणखी एखादा धंदा उभा राहू शकतो, आणि त्या शक्यतेलाही किंमत असते. दामोदरन यांचे ४१ हे जेवण पोचवणाऱ्या कंपनीचे मूल्य होते, आणि त्या कंपनीसाठी मला ते आजही योग्य वाटते. २०२४ मध्ये बाजार ज्या कंपनीला तीनशे रुपये देत होता, ती २०२१ मध्ये अस्तित्वातच नव्हती.

मात्र या शक्यतेला किंमत देताना हात आखडता ठेवला पाहिजे असे मी आग्रहाने म्हणते, कारण ती प्रत्येक कंपनीच्या बाबतीत सांगता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमने २,१५० रुपये दराने शेअर विकले, तेव्हाही हीच भाषा होती: कोट्यवधी ग्राहक आहेत, उद्या त्यांना कर्ज विकू, विमा विकू. पहिल्याच दिवशी शेअर सत्तावीस टक्के पडला. ॲमेझॉननेही भारतात जेवण पोचवण्याचा धंदा २०२० मध्ये सुरू करून २०२२ च्या अखेरीस बंद केला, आणि तिच्याकडे ग्राहक, पैसा आणि गोदामे यांतले काहीच कमी नव्हते. शक्यता कुणाची फळते हे आधी सांगता येत नाही. म्हणून ती जेवणाच्या धंद्याच्या आकड्यात मिसळून टाकू नये, वेगळ्या ओळीत लिहावी, म्हणजे आपण दिसणाऱ्या गोष्टीला किती देतो आहोत आणि न दिसणाऱ्या गोष्टीला किती, हे निदान आपल्यापुरते तरी स्पष्ट राहते.

उत्पन्नाच्या पटीत किंमत मोजणाऱ्यांनी अलीकडच्या एका घटनेकडेही पाहावे. मार्च २०२५ मध्ये कंपनीचे नाव इटर्नल झाले. त्यानंतर परदेशी मालकी ४९.५ टक्क्यांवर मर्यादित करून ती भारतीय मालकीची कंपनी झाली, कारण परदेशी मालकीच्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतः माल साठवून विकता येत नाही. आता ब्लिंकिट स्वतः माल विकत घेऊन विकू शकते. पूर्वी १०० रुपयांच्या किराण्यावर कमिशन आणि शुल्क मिळून वीसेक रुपये कंपनीचे उत्पन्न म्हणून लागत असतील, तर आता तोच किराणा स्वतःच्या मालकीचा असल्यामुळे शंभरच्या शंभर लागतात. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत उत्पन्न आदल्या वर्षीच्या ४,७९९ कोटींवरून १३,५९० कोटींवर गेले आणि नफा १७६ कोटींवरून ६५ कोटींवर आला. ज्यांनी बाजारमूल्य भागिले उत्पन्न एवढेच पाहिले, त्यांना शेअर एका रात्रीत स्वस्त झाल्यासारखा वाटला असेल. त्या मुलीच्या हातातल्या पिशवीत मात्र तीच धण्याची पुडी आणि तेच श्रीखंड होते. म्हणून मी पिशवीमागे काय उरते याच्या पलीकडच्या कुठल्याही गुणोत्तरावर आता विसंबत नाही.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. त्याचे १९५ शेअर अजून त्याच्याकडेच आहेत. फराळ झाल्यावर आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो आणि या वेळी चार ओळी आखल्या: जेवण, किराणा, हातातली रोकड, आणि चौथी, अजून सुरू न झालेल्या धंद्याची. पहिल्या तीन ओळींत आमचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले. वटावाचा दर मी १३ टक्के धरला, त्याने ११. चौथ्या ओळीत त्याने शेअरमागे ६० रुपये लिहिले आणि मी २०. अर्धा तास बोलूनही दोघांपैकी कुणीच आकडा बदलला नाही. तेव्हा आम्ही दोघांनी आपापल्या आकड्याशेजारी तारीख घातली, का लिहिला ते दोन वाक्यांत खाली नोंदवले, आणि तो कागद मी २०२१ च्या कागदाबरोबर त्याच फाइलमध्ये लावून ठेवला.